रात्रीचे ड्रोन आणि रिसीव्हरचं जाळं : गावपातळीवर काही जमेल का?

ऊसवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, पण इथे रेडिओवाले, फौजी, खगोलवाले सगळेच वावरतात म्हणून विचारतोय.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड, जालना पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून केवढा गहजब झाला होता, आठवत असेल. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अलीकडं. पोरं काठ्या घेऊन रात्र रात्र जागायची. एका फिरस्त्या भांडेवाल्याला फुकटचा मार बसता बसता राहिला. आता पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. परवा ग्रामसभेत एकानं ‘रडार बसवा’ असा ठरावच मांडला. लोक हसले. मी घरी येऊन वाचत बसलो.

मला समजलं ते असं : एकच मोठं रडार आणण्याऐवजी स्वस्तातले रिसीव्हर चार ठिकाणी ठेवायचे, नेटनं जोडायचे, आणि एफएम-टीव्हीच्या टॉवरचा जो सिग्नल तसाही हवेत भरलेला असतो, तो ड्रोनवर आपटून येतो तेवढा पकडायचा. आपण स्वतः काहीच प्रसारित करायचं नाही. हे खरंच चालतं का? लाख-दीड लाखात गावाला झेपेल का? आणि वर ड्रोन आहे की घार, हे कळेल का?

पॉपकॉर्नप्रेमी

जागा धरून ठेवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खडूस_काका

पंचायतीची दिवाबत्तीची बिलं थकलेली आणि चाललेत रडार बसवायला. समजा दिसला ड्रोन. पुढं काय? गोफण?

तरंगलांबी

काका, पुढचं पुढं. आधी दिसतो का ते बघू.

ऊसवालेसाहेब, तुम्ही वाचलंत त्याला पॅसिव्ह रडार म्हणतात आणि ही कल्पना रडारइतकीच जुनी आहे. २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॅट आणि विल्किन्स यांनी जो गाजलेला प्रयोग केला, त्यात त्यांचा स्वतःचा ट्रान्समीटर नव्हताच. बीबीसीचं शॉर्टवेव्ह केंद्र चालू होतं, यांनी माळावर गाडीत रिसीव्हर मांडला, वरून हेफर्ड जातीचं बॉम्बर विमान नेलं आणि त्याचा प्रतिध्वनी पकडला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ‘क्लाइन हायडेलबर्ग’ नावाच्या यंत्रणेत चक्क ब्रिटिशांच्याच चेन होम रडारचे सिग्नल वापरून ब्रिटिशांची विमानं हुडकली.

साधं रडार म्हणजे हातात बॅटरी धरून अंधारात बघणं, आणि हे म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात बघणं. दिवा दुसऱ्याचा, बिल दुसऱ्याचं, शिवाय आपण कुठं उभे आहोत ते कुणाला कळत नाही.

जाळं का लागतं? एका रिसीव्हरला एवढंच कळतं की टॉवर ते ड्रोन ते रिसीव्हर हा वळसा सरळ अंतरापेक्षा अमुक मीटरनं लांब आहे. म्हणजे ड्रोन एका लंबवर्तुळावर कुठंतरी आहे. एका नाभीवर टॉवर, दुसऱ्या नाभीवर तुम्ही. दुसरा रिसीव्हर दुसरं लंबवर्तुळ देतो, तिसरा तिसरं. तिन्ही छेदतात तिथं ड्रोन. दोन-तीन ड्रोन एकदम आले की नको तिथंही छेद पडतात आणि भुतं दिसायला लागतात, पण रिसीव्हर वाढवले की ती गळतात. दुसरं असं की ड्रोनचा आकार वेडावाकडा. एका बाजूनं बरा प्रतिध्वनी येतो, दुसऱ्या बाजूनं जवळपास शून्य. मध्ये टेकडी येते, पाण्याची टाकी येते. चहूबाजूंनी रिसीव्हर असले तर एखाद्याच्या तरी पदरात काही पडतं.

आता वाईट बातमी. लहान ड्रोनचं रडारच्या हिशेबानं क्षेत्रफळ साधारण ०.०१ चौरस मीटर धरतात. तो रिसीव्हरपासून १ किमीवर असेल, तर त्याचा प्रतिध्वनी टॉवरच्या थेट सिग्नलच्या सव्वाशे कोटींत एक भाग इतका क्षीण असतो. डेसिबलमध्ये ९१ खाली. बाजारातलं स्वस्त आरटीएल डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) ८ बिटचं, त्याचा आवाका जेमतेम ४८ डेसिबल. उरलेलं सगळं गणितानं भरून काढायचं : थेट सिग्नल वजा करायचा आणि अर्ध्या सेकंदाचा माल एकत्र जुळवून प्रतिध्वनी वर काढायचा. ८ मेगाहर्ट्झच्या डिजिटल टीव्हीत या जुळवणीतून ६६ डेसिबल हाती लागतात. एफएमच्या १०० किलोहर्ट्झमध्ये ४७ च.

शिवाय एफएमची लहर ३ मीटरची. हातभर ड्रोनला ती जुमानतच नाही, वळसा घालून निघून जाते. विमान पकडायला एफएम झकास. ड्रोनला नाही.

पॉपकॉर्नप्रेमी

प्रतिसाद वाचून दोनदा चहा झाला. दंडवत घ्या.

घाटमाथा

मग एफएम सोडा, टीव्हीचा टॉवर घ्या. सिंहगडावर दूरदर्शनचा आहेच की.

तरंगलांबी

युरोपात बरेच प्रयोग टीव्हीवरच चालतात, कारण तिथं डिजिटल टीव्हीचे टॉवर गावोगाव. आपल्याकडं दूरदर्शननं २०१६ मध्ये असं प्रसारण १६ शहरांत सुरू केलं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद. घोडनदीच्या काठावर त्याचा उपयोग शून्य. तुमच्या गावात रात्री खात्रीनं काही चालू असेल तर मोबाइलचा टॉवर.

सेल_साइट

माझी रोजीरोटी टॉवरवरच आहे, म्हणून बोलतो. ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो. कागदावर स्वप्नवत : रुंदी जितकी जास्त तितकं अंतर बारकाईनं मोजता येतं. टीव्हीत सदतीस मीटरच्या वळशाचा फरक कळतो, इथं तीन मीटरचा.

पण एक गोम आहे. ५जीचा टॉवर गिऱ्हाईक असेल तेव्हाच बोलतो. रात्री दोन वाजता गाव झोपलं की तो बराच वेळ गप्प असतो, अधूनमधून ओळख सांगण्यापुरता कुजबुजतो. म्हणजे तुम्हाला ज्या वेळी उजेड हवा त्याच वेळी दिवा मिणमिणता. ४जी त्या मानानं बरा, त्याचे संदर्भ-सिग्नल कायम चालू असतात. आणि टॉवरच्या अँटेना खाली झुकवलेल्या असतात, कारण फोन जमिनीवर असतो. शंभर मीटर उंचीवरच्या ड्रोनपर्यंत उरलंसुरलं पोचतं.

खडूस_काका

थोडक्यात, गावातल्या चार पोरांनी रात्रभर रील्स बघत बसायचं, म्हणजे रडार चालेल. हे मात्र जमण्यासारखं आहे.

घाटमाथा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काका, ठराव तुम्हीच मांडा.

माजी_सिग्नल

लष्कराच्या सिग्नल्समध्ये नोकरी झाली आहे, बोलता येण्यासारखं तेवढंच बोलतो.

८-९ मे २०२५ च्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी अंदाजे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, हे आपल्या अधिकृत पत्रकार परिषदेतच सांगितलं गेलं. आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून बघणं हा एक उद्देश असावा, असंही तिथंच सांगितलं. त्यातली मेख समजून घ्या. रडार चालू केलं की ते कुठं आहे हे शत्रूला कळतं. स्वस्त ड्रोन पाठवायचा, समोरच्याला रडार चालू करायला लावायचं आणि जागा टिपायची. ऐकणारा रिसीव्हर काहीच सोडत नाही, त्यामुळं तो सापडत नाही.

तेव्हा ‘आकाशतीर’चं नाव घराघरांत पोचलं. ते स्वतः रडार नाही. वेगवेगळ्या रडारांचं, सेन्सरांचं चित्र एकत्र करून तोफा-क्षेपणास्त्रांपर्यंत पोचवणारी यंत्रणा आहे, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं (बीईएल) बनवलेली. खरी कमाई त्या एकत्र करण्यात आहे.

तुमच्या गावच्या जाळ्यात मला भीती घड्याळांची वाटते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. चार रिसीव्हरांची घड्याळं एवढ्यानं जरी मागंपुढं झाली, तरी ड्रोन या शिवारातला त्या शिवारात जाईल. जीपीएसवरून वेळ घ्या म्हणाल, तर सीमाभागात पहिला घाला जीपीएसवरच पडतो.

तरंगलांबी

सर, घड्याळाचा मुद्दा ज्या पद्धतींत सगळ्यांचे सिग्नल एकमेकांशी जुळवावे लागतात तिथं शंभर टक्के खरा. इथं सुटका आहे. प्रत्येक ठिकाणी दोन अँटेना लावायच्या, एक टॉवरकडं तोंड करून आणि एक आकाशाकडं. थेट सिग्नल आणि प्रतिध्वनी यांतला फरक जागच्या जागी मोजला जातो, तिथल्या एकाच घड्याळावर. बाहेर फक्त निकाल पाठवायचा. चार ठिकाणचे निकाल एकत्र करायला थोडाफार वेळेचा फरक चालतो, कारण ड्रोन सेकंदाला दहा-पंधरा मीटरच हलतो.

आणि कच्चा माल पाठवायचं म्हटलं तरी गावचं नेट पुरायचं नाही. एक डोंगल २.४ मेगाहर्ट्झ घेतं, म्हणजे सेकंदाला ४.८ मेगाबाइट. तासाला सतरा जीबी झाले, तेही एका अँटेनाचे.

माजी_सिग्नल

मान्य. मग अँटेना दुप्पट आणि दोन चॅनेल एका घड्याळावर चालणारे हवेत. दोन सुटी डोंगलं लावून भागणार नाही.

खोडदचा_शेजारी

घड्याळं जुळवायचा कळस बघायचा असेल तर आमच्या नारायणगावाजवळ खोडदला या. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधल्या चौकात आणि १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरनं एका जागी येतात आणि नॅनोसेकंदांत जुळवले जातात. जाळ्यात बसवलेले रिसीव्हर म्हणतात ते हेच.

अवांतर : ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीनं २०१३ च्या सुमारास एफएम स्टेशनांचा चंद्रावरून आलेला प्रतिध्वनी पकडला होता, आणि अंतराळ स्थानकावरून आलेलाही. गाणी इकडं लागली आणि चंद्राला ऐकू गेली. अर्थात चंद्राचं क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर नाही.

पक्षीवेडी

‘ड्रोन की घार’ या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. रात्री घार उडत नाही, तो प्रश्न निकाली. पण वटवाघळं? शिरूर-जुन्नर भागात जुन्या वडांवर मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्या वसाहती आहेत. पंखांचा पसारा मीटरभर, वजन किलोभर, संध्याकाळी थवे निघतात ते बागांवर फिरून पहाटे परततात. शिवाय घुबडं, टिटव्या, रातबगळे. तुमच्या यंत्राला हे सगळे ड्रोनच वाटणार.

तरंगलांबी

नेमकं. या विषयातलं निम्मं संशोधन यावरच चालू आहे. ड्रोनचं पातं मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं, त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साठ-सत्तर मीटर. एक टोक तुमच्याकडं येत असतं, दुसरं लांब जात असतं. त्यामुळं मूळ प्रतिध्वनीच्या दोन्ही अंगांना बारीक रेघा उमटतात. वटवाघळाचे पंख सेकंदाला थोड्याच वेळा हलतात, त्याची नक्षी संथ आणि गोलसर. याला मायक्रो-डॉप्लर म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं ‘नेटरॅड’ नावाचं तीन ठाण्यांचं जाळं-रडार आहे, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं. त्यांनी त्यावर लहान ड्रोन घिरट्या घालतोय, त्याला ओझं बांधलंय की तो रिकामा आहे, हे पात्यांच्या नक्षीवरून ओळखायचे प्रयोग केले. तीन कोनांतून पाहिल्यावर ओळख सुधारते, असं त्यात दिसलं.

पण त्यांचा स्वतःचा ट्रान्समीटर आहे आणि अंतर थोडं. पाती प्लास्टिकची, त्यांच्याकडून येणारा प्रतिध्वनी ड्रोनच्या अंगापेक्षाही कमी. उसन्या उजेडात ती दिसणं कठीण.

सगळ्यांत बेरकी ड्रोन कोणता, तर एका जागी थांबलेला. हलणारा ड्रोन वेगावरून झाडांपासून वेगळा काढता येतो. थांबला की तो झाडांत जमा. त्यात तुमच्याकडं वाऱ्यावर डुलणारा ऊस एकरच्या एकर.

पतंगबाज

संक्रांतीला ही यंत्रणा बंद ठेवा एवढीच नम्र विनंती. नाहीतर अख्ख्या येवल्यावर हल्ला झाल्याचा संदेश मंत्रालयात जाईल.

कीबोर्डवीर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

खडूस_काका

काय लिहिलं होतं ते आता सगळ्यांना कळलंच आहे. काढलंत ते बरं केलंत.

कोपनहेगनकर

२२ सप्टेंबर २०२५ ला रात्री मी इथल्या विमानतळावर अडकलो होतो. जवळपास चार तास सगळी उड्डाणं बंद. मोठे ड्रोन दिसले एवढंच सांगत होते. माझ्या शेजारी बसलेली आजी शांतपणे स्वेटर विणत होती, मी मात्र घरी फोनवर ‘अगं युद्ध नाही, ड्रोन आहे’ करत होतो. पुढच्या आठवड्यात युरोपीय नेत्यांची बैठक होती म्हणून डेन्मार्कनं खासगी ड्रोन उडवायलाच बंदी घातली. स्वीडननं आपली ड्रोनविरोधी सामग्री उसनी दिली. इतका श्रीमंत देश, पण लहान, हळू आणि खाली उडणाऱ्या वस्तूंपुढं हात टेकले. विमानतळाचं रडार मोठ्या, वेगवान वस्तूंसाठी असतं. हळू हलणारं काही दिसलं तर ते बहुतेक पक्षी समजून गाळूनच टाकतं.

यापेक्षा मला लंडनच्या गॅटविक विमानतळाचं प्रकरण तुमच्या धाग्याशी जवळचं वाटतं. डिसेंबर २०१८, नाताळची गर्दी, ड्रोन दिसल्याच्या तक्रारी. हजारेक उड्डाणं आणि सुमारे १ लाख ४० हजार प्रवासी लटकले. दोघांना पकडलं आणि आरोप न ठेवता सोडून दिलं. ड्रोन कुणाचा होता ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. तो होता का, यावरही वाद आहे. मग लोक पोलिसांनी उडवलेले ड्रोन बघूनच फोन करत होते की काय, अशीही चर्चा झाली.

माझ्या मते अशा जाळ्याचा मोठा उपयोग ‘आहे’ सांगण्यापेक्षा ‘नाही’ सांगण्यात आहे.

बांधावरची

कोपनहेगनकर, लाख बोललात. मी पलीकडच्या गावची. २०२४ ला आमच्या वस्तीवर रोज साडेनऊ-दहाला ‘आला आला’ व्हायचं. सासऱ्यांनी तर कोंबड्या घरात घ्यायला लावल्या, म्हणे वरून हेरून जातात आणि मग चोर पाठवतात. एका रात्री भाच्यानं मोबाइलवर विमानं दाखवणारं फ्लाइटरडार२४ उघडलं. वर लुकलुकत होतं ते हैदराबादहून मुंबईला चाललेलं विमान. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच वेळेला. सगळेच दिवे विमानांचे होते असं मी म्हणत नाही. एकदा खरोखर गोठ्यावरून भुणभुणत गेलेलं मी स्वतः ऐकलं आहे. पण दहातले किती खरे हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून लोक दहाच्या दहा खरे धरायचे. त्या भांडेवाल्यावर आलेली वेळ त्यातूनच.

आणि ऊसवाले दादा, आता बिबट्या शोधायला वनखात्याची माणसं थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन रात्रीच उडवतात आपल्या भागात. त्याची दवंडी कुणी देत नाही. गावठाण मोजणीचा ड्रोन आला होता तेव्हा लोक फेटे बांधून फोटोला उभे राहिले, कारण आदल्या दिवशी तलाठ्यानं सांगितलं होतं.

ऊसवाला (धागाकर्ता)

ताई, वनखात्याचं खरं आहे. मागच्या महिन्यात पिंजरा लावला तेव्हा दोन रात्री उडवला होता आणि तिसऱ्या दिवशी गावात ‘चोरांचा ड्रोन’ झाला.

घाटमाथा

एक शंका. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ड्रोन आणि रिमोट यांच्यातलं बोलणं पकडणारी यंत्रं मिळतात की. तेच सोपं नाही का?

माजी_सिग्नल

बाजारातला लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन असेल तर तेच सोपं. पण युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून काचतंतूवरचे ड्रोन सर्रास आले आहेत. मागं केसासारखी बारीक फायबर सोडत जातात, रेडिओवर चकार शब्द नाही. किंवा आधीच ठरवलेल्या मार्गानं एकटाच जाणारा. तिथं प्रतिध्वनी किंवा आवाज, दोनच उपाय.

आवाजावरून आठवलं. युक्रेननं खांबांवर माइक आणि फोन बसवून सुमारे दहा हजार ठाण्यांचं जाळं उभं केलं, एका ठाण्याचा खर्च चार-पाचशे डॉलर. अमेरिकेच्या युरोपातल्या हवाई दलाचे प्रमुख जनरल हेकर यांनी २०२४ मध्ये त्याचं जाहीर कौतुक केलं. रशिया सोडतो तो शाहेद ड्रोन मोपेडसारखा तडतडतो, लांबून ऐकू येतो, म्हणून ते जमलं. बॅटरीवरचा लहान ड्रोन शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडं माइकला मिळणं अवघड. आणि तुमच्याकडं रातकिडे आहेत, मोटारी आहेत, लग्नसराईत डीजे आहे.

आणि जाळं सीमेवर असून भागत नाही. १ जून २०२५ ला युक्रेननं रशियाच्या आत ट्रकांतून ११७ ड्रोन सोडले, विमानतळांच्या अगदी जवळून. सीमेवरची रडारं काय करणार?

खडूस_काका

म्हणजे एफएम चालत नाही, टीव्ही नाही, ५जी रात्री झोपतो, माइकला डीजे नडतो, आणि दिसला तर वटवाघूळ. मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

तरंगलांबी

काका, तुम्ही गोफण म्हटलं होतं. :)

लाख-दीड लाखात ‘२५० ग्रॅमचा ड्रोन दोन किलोमीटरवर पकडतो’ असं कुणी विकायला आलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. असली कामं करणाऱ्या यंत्रणांच्या किमती कोटींच्या घरात असतात. पण ४जीच्या उजेडात, दोन-तीन किलोचा ड्रोन, पाच-सातशे मीटर, चार ठाणी एवढीच अपेक्षा ठेवली तर कॉलेजच्या प्रकल्पाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. मात्र ४जीची रुंदी दहा-वीस मेगाहर्ट्झ, त्यामुळं तिथं आरटीएल डोंगल चालणार नाही, बरा दोन चॅनेलचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) लागेल. खर्च तिथं चढतो.

व्हीयू३वाला

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींतर्फे थोडं व्यवहाराचं.

क्रॅकनएसडीआर नावाचा पाच चॅनेलचा संच मिळतो, पाचही डोंगलं एकाच घड्याळावर. त्याच्याबरोबर पॅसिव्ह रडारचा तयार कोडही मिळायचा. २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीनं तो कोड काढून घेतला, कारण अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांत तो अडकेल अशी शंका आली. तेव्हा हे खेळणं आहे की शस्त्र, याबद्दल सरकारांच्या मनातही गोंधळ आहे. गावात बसवण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. स्वतःचा ट्रान्समीटर लावायचा विचार आला तर तो सरळ झटका, त्याला परवाना लागतो. आणि ड्रोन पाडायच्या भानगडीत पडू नका, तो वनखात्याचा निघाला तर गोफणवाल्यालाच आत टाकतील.

माझं ऐकाल तर उलट्या टोकानं सुरू करा. पहिल्या टप्प्यात एक साधं डोंगल आणि १०९० मेगाहर्ट्झची अँटेना. विमानं स्वतःच आपली ओळख आणि ठिकाण ओरडून सांगत असतात, ती नोंद होत राहील. रात्री कुणी ‘आला’ म्हणालं की वेळ बघायची, विमान होतं का ते बघायचं. बांधावरचींच्या भाच्यानं केलं तेच, पण वहीत उतरणारं आणि चोवीस तास. दुसऱ्या टप्प्यात दोन चॅनेलवर एफएमच्या प्रतिध्वनीतून तीच विमानं पकडायची. उत्तर आधीच माहीत असल्यामुळं आपलं यंत्र बरोबर चालतंय का ते ताडून बघता येतं. हे जमलं की मग ४जी आणि ड्रोन. चाचणीला कुणाचा तरी लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन दिवसाढवळ्या उडवून घ्या, गावाला आधी सांगून.

पक्षीवेडी

तिसऱ्या टप्प्यात जे ड्रोन नाहीत त्यांच्या नोंदी फेकू नका. वटवाघळं किती वाजता निघतात, कुठं जातात, ही माहिती आम्हाला सोन्यासारखी. जुन्नर-शिरूरमधून अशी रात्रीची नोंद कुणाकडंच नसेल.

खोडदचा_शेजारी

अँटेना खोडदच्या दिशेला लावणार असाल तर स्वस्त चिनी ॲम्प्लिफायर लावू नका. ते स्वतःच रेडिओ कचरा करतात. तबकड्यांवाले शोधत येतात, आणि सौम्य असले तरी चिवट असतात.

ऊसवाला (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ठराव मागं घ्यायला सांगणार नाही, पण ‘रडार’ ऐवजी ‘रात्रीची नोंदवही’ असा बदल सुचवतो. व्हीयू३वाले साहेबांचा पहिला टप्पा पंचायतीच्या परवानगीनं पाण्याच्या टाकीवर बसवू. वनखात्यानं ड्रोन उडवायच्या आधी पोलीस पाटलाला फोन करावा असं पत्र वेगळं देतोय, त्याला पैसेही लागत नाहीत. चार ठाण्यांचं नंतर बघू. अभियांत्रिकीला असलेली गावातली दोन पोरं आत्ताच मागं लागली आहेत.

टाकी साधारण बारा मीटर उंच आहे. वर वीज आहे, नेट सोसायटीच्या ऑफिसातून ओढावं लागेल. १०९० साठी केबल किती लांब चालेल?

व्हीयू३वाला

१०९० ला लांब केबल अजिबात नको, सिग्नल वाटेतच मरतो. डोंगल आणि छोटा कॉम्प्युटर वरच डब्यात ठेवा, खाली फक्त नेटची वायर आणा. डबा पावसाचा हवा आणि पांढरा हवा, उन्हात तापतो. पुढच्या शनिवारी मी रांजणगावला येतोय, तासभर काढू शकतो.

बांधावरची

टाकीच्या शिडीची चावी पाणीवाल्याकडं असते. त्याला आठच्या आत गाठा, नंतर तो संध्याकाळपर्यंत सापडत नाही.